आटलेल्या विहिरीतली मगर

विक्रोळीच्या आमच्या डायलिसिस सेंटरमध्ये माझी आणि कुंदाची खाट शेजारी-शेजारी. आठवड्यातून तीनदा यंत्र आमचं रक्त धुतं, तोवर मी तिला गोष्टी सांगतो. नऊ वर्षं झाली. माझ्या गोष्टी संपल्या नाहीत, आणि तिने एकीवरही विश्वास ठेवला नाही.

डॉक्टर आम्हा जुन्या पेशंटांना सांगून थकले होते. किडनी बंद पडून बरीच वर्षं झाली की तिच्यात पाण्याचे फोड येतात, एखादीत गाठही धरते. तेव्हा वर्षाला एक सोनोग्राफी करा. कुंदा दरवेळी टाळायची. मेलेल्या किडनीचं तोंड कशाला बघायचं, म्हणायची.

हिला सोनोग्राफीला पाठवायचंच, असं मी मनाशी पक्कं केलं. तिला सांगितलं, आमच्या मालवणकडच्या गावात एक विहीर आटली. आटलीय म्हणून कोणी आत डोकावेना. पाचव्या वर्षी आतून मगर बाहेर आली आणि सरपंचाचं धोतर घेऊन गेली.

"मगरीला पाणी लागतं, अण्णा," कुंदा म्हणाली. "आणि तुम्ही स्वतः कधी केलीत हो सोनोग्राफी?"

आता आली का पंचाईत! तिचं तोंड बंद करायला म्हणून दुसऱ्याच दिवशी गेलो. डॉक्टरीणबाई गप्पा मारत तपासत होत्या. माझ्या डाव्या कुशीपाशी आल्या आणि तिथेच पुन्हापुन्हा यंत्र फिरवायला लागल्या. मग सीटी स्कॅन झाला. डाव्या किडनीत सुपारीएवढी गाठ निघाली, बहुतेक कॅन्सरची. दुखत नव्हती की खुपत नव्हती.

बायको, वनमाला, रडायला लागली. या वयात पोट फाडायचं नाही म्हणाली. मी म्हटलं, "नऊ वर्षं जिने कामाला हात लावला नाही, त्या किडनीला पोसायचं कशाला? गाठ लहान आहे तोवर किडनीच काढून टाकू."

कुंदाला सांगितलं तर ती हसली. मगरीनंतर आता हे का, म्हणाली.

ऑपरेशन उरकून महिन्याभराने मी पुन्हा सेंटरमधल्या माझ्या खाटेवर आलो. सदरा वर करून तिला टाके दाखवले. गाठ नारळाएवढी निघाली, डॉक्टरांना दोन्ही हातांनी उचलावी लागली, असंही सांगितलं.

"सुपारीएवढी म्हणाला होतात," ती हळूच म्हणाली.

मग तिने माझे टाके पुन्हा एकदा नीट पाहिले. नर्स यंत्र बघायला आली तेव्हा कुंदाने तिचा हात धरला.

"रेवती, माझी सोनोग्राफी उद्याच लाव गं. मगर असली तर असली."