बाबांनी ऐकलेली मी

"बाबा, शंभरदा सांगितलं, ती मी नाही!" एका हातात रक्तदाबाची गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला घेऊन मी ओरडले.

"माझ्या मुलीचा आवाज मला कळत नाही होय?" बाबांनी मोबाइल माझ्या कानाला लावला.

आवाज हुबेहूब माझा. तोच संथपणा, वाक्याच्या शेवटी तोच हलकेच उतरणारा सूर. फक्त ते शब्द मी जन्मात उच्चारले नव्हते. 'रक्तदाबाच्या गोळ्या आजच थांबवा, शरीर आपोआप सावरतं.' मी जाहिरातींना आवाज देते. फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणून लोकांना ताटकळत ठेवणारी बाईही मीच. कुणा नतद्रष्टाने कम्प्युटरला माझा आवाज शिकवला आणि त्याच्याकडून हे वदवून घेतलं. ग्रुपांमधून फिरत ते बाबांपर्यंत आलं. बाबांनी मोठ्या अभिमानाने गोळ्या सोडल्या, आणि आज सकाळी न्हाणीघराच्या दारात त्यांना भोवळ आली. डॉक्टरीणबाईंनी आजपासूनच गोळी सुरू करा म्हणून बजावलं होतं.

"मी समोर उभी राहून सांगतेय ना? घ्या ती गोळी."

"घरात तू तोंडाला येईल ते बोलतेस. परवा म्हणालीस गॅस बंद केला. केला होतास? स्टुडिओत तसं चालत नाही. तूच सांगतेस, चार माणसांनी तपासल्याशिवाय शब्द बाहेर जात नाही म्हणून."

घ्या! ही फुशारकी मीच मारायचे, रोज जेवताना. आता ती माझ्याच अंगाशी आली होती.

मी समजावलं, चिडले, शेवटी रडलेसुद्धा. डॉक्टरीणबाईंना फोन लावून दिला, तर "बघू" म्हणून बाबांनी तो ठेवून दिला. बाबांना काही झालं तर ते माझंच ऐकून होणार होतं.

मग मी आतल्या खोलीत गेले. कपाट उघडलं आणि टांगलेल्या कपड्यांत डोकं खुपसलं. घरी रेकॉर्डिंग करायचं तर आम्ही असंच करतो, कपड्यांमुळे आवाज घुमत नाही. घसा खाकरला, कामाचा सूर लावला. 'आधीच्या संदेशातील माहिती चुकीची आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. थांबवली असल्यास त्यांच्या सांगण्याप्रमाणे आजच सुरू करा.' मी बोलत असताना बाबांना ते भिंतीपलीकडून ऐकूही गेलं असेल. तरी मी ते त्यांच्या मोबाइलवर पाठवलं.

बाहेर माझा आवाज वाजला. एकदा, मग पुन्हा. मी दारात येऊन उभी राहिले. बाबांनी मान डोलावली, गोळी तोंडात टाकली आणि पेला रिकामा केला. मला हायसं वाटलं. आणि त्याच वेळी त्या मोबाइलमधल्या बाईचा मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

बाबांनी तो संदेश सगळ्या ग्रुपांवर पाठवला. मग चष्मा काढून माझ्याकडे वळले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "बघ, किती शांतपणे सांगितलं तिनं. नाहीतर तू! सकाळपासून नुसता आरडाओरडा."