फळीची कडक बाजू

सिनेमावाल्यांना ऊन हवं असतं, पण पडेल तिथलं ऊन त्यांना कधी चालत नाही. ते उचलून दुसरीकडे न्यावं लागतं. कोल्हापूरच्या एका कंपनीत हे उचलून न्यायचं काम कडेगावच्या आकारामकडे होतं. चहाच्या पेटीतला चंदेरी कागद चिकटवलेली पुरुषभर उंचीची फळी अंगणात धरायची आणि घराच्या पुढच्या सोप्यातल्या अंधारात बसलेल्या नटाच्या तोंडावर उजेड पाडायचा. फळीला दोन अंगं. चुरगळलेल्या कागदाची बाजू मऊ, गुळगुळीत कागदाची कडक. कडक बाजूनं तोंड लख्ख दिसतं, पण डोळे उघडे ठेवणं मुश्कील.

लढाई संपून पलटणीतून सुटल्यावर हे काम त्याला मिळालं आणि मानवलंही. फळीमागच्या माणसाचं तोंड कुणाला दिसत नाही. इटलीतून आल्यापासून त्याच्या आत काही हलतच नव्हतं. आई गळ्यात पडून रडली, तेव्हा तो तिच्या खांद्यावरून गोठ्यातल्या म्हशीकडे बघत राहिला होता. जेवण त्याला गोड लागत नव्हतं, कडूही लागत नव्हतं.

त्यात एक काम राहून गेलेलं. रहिमतपूरजवळच्या वाडीचा गुंडा त्याच्याच तुकडीत होता. तो तिकडे एका नदीकाठी लढाईत कामी आला. बरोबर असलेल्यानं परत आल्यावर त्याच्या घरच्यांना भेटायला जायची रीत. उंबऱ्यात पाऊल पडलं की घरची बाई हंबरडा फोडते, आलेल्याचेही डोळे वाहतात, आणि मग कुठे बसून बोलणं होतं. आकारामला धास्ती होती ती याचीच. आपले डोळे वाहणार नाहीत. गुंडाची आई धोंडुबाई आपल्या कोरड्या तोंडाकडे बघेल आणि समजेल, याला माझ्या लेकाचं काहीच नव्हतं. म्हणून तो गेलाच नाही.

आणि कंपनीनं शूटिंगला घर पसंत केलं ते नेमकं तिचं. अंगण मोकळं, सोपा अंधारा, दिग्दर्शक साहेब खूश. लॉरीतून उतरताना आकारामनं दार ओळखलं, टोपी कपाळावर ओढली आणि फळीमागे जाऊन उभा राहिला. वाडीतली माणसं त्याच्यासमोरून ये-जा करत होती. तो चंदेरी कागदाच्या पोटात बसल्यासारखा होता.

सिनेमातल्या आईचं काम करणारी बाई पुण्याची. लॉरी तिला इतकी लागली, की ती शेजारच्या घरात डोकं धरून निजली. साहेबांनी दारात उभ्या धोंडुबाईला बघितलं आणि हिलाच बसवू या म्हणाले. ती काही न विचारता बसली. मुलगा लढाईवरून परत येणार नाही असं कळलंय, असं समजा, असं साहेबांनी तिला समजावून सांगितलं. तिच्या घरात काय झालंय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची त्यांना सवय नव्हती.

आकारामनं मऊ बाजूचा उजेड तिच्या गालावर टाकला. ती बसली होती, बघत होती, बस्स. डोळ्यांत टिपूस नाही. रडणं आणायच्या औषधाची बाटली कोल्हापुरातच राहिलेली. तेव्हा उजेडाच्या कामाचा मुकादम कृष्णात फळीमागे आला आणि हळूच म्हणाला, कडक बाजू लाव. थेट डोळ्यांत मार, पाणी येतंयच.

हे कसब आकारामला ठाऊक होतं. पैलवान गड्याला रडवलेलं त्यानं पाहिलं होतं. त्यानं फळी फिरवली. कडक ऊन सोप्यात घुसलं आणि म्हातारीच्या डोळ्यांवर जाऊन बसलं. फळीच्या कडेनं त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. ती डोळे मिटत नव्हती. वळवत नव्हती. उजेडाकडे सरळ बघत होती, आणि डोळे ठणठणीत कोरडे.

आकारामच्या आत काहीतरी हललं. असं काही होऊन त्याला किती दिवस झाले होते. त्यानं फळी कलती केली, ऊन भिंतीवर गेलं. साहेब ओरडले. कृष्णातनं शिवी हासडली.

"आकाराम," सोप्यातून आवाज आला. "हिकडं ये."

त्यानं फळी जोत्याला टेकवली आणि उंबऱ्याशी गेला. तिनं त्याला सकाळीच ओळखलं होतं. गुंडाबरोबर रजेवर आला होता तेव्हाही तो असाच आडोशाला उभा राहिला होता, जेवायला बसवलं तरी लाजत होता.

हंबरडा आलाच नाही.

"मावशी, मी यायला पायजे व्हतं," तो म्हणाला. "पर मला रडू येत न्हाई. कायबी क्येलं तरी येत न्हाई."

"मलाबी न्हाई आलं रं," धोंडुबाई म्हणाली. "सारी वाडी म्हंती, म्हातारी दगडाची हाय. समाचाराला यायची ती रडायची, आन् माज्या तोंडाकडं बगून गप व्हायची. मग कुणी गुंडाचं नावच काढंना. तू बस. आपुन कोरडंच बसू."

ती सरकली आणि घोंगडीवर जागा केली. आकाराम बसला. अंगणात ऊन उतरत चाललं होतं आणि कृष्णात त्याच्या नावानं हाका मारत होता. म्हातारीनं हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि विचारलं, शेवटी गुंडानं काय खाल्लं होतं.

आकाराम आठवून सांगायला लागला.