रस्त्यापलीकडचं रिव्हॉल्व्हर

एल्डन टिडवेलचं घर कॅन्ससात होतं आणि त्याच्या धाकट्या भावाचं, मर्लचं, मिझुरीत. मध्ये एक रस्ता, तीच दोन राज्यांची हद्द. एल्डन ओट्यावर शिंकला तर दुसऱ्या राज्यात ऐकू जायचं. पण आईच्या अंत्यविधीनंतर गवत कापायच्या यंत्रावरून दोघांचं जे बिनसलं, ते बिनसलंच.

बायको गेल्यावर एल्डनच्या घरात आवाज करणारा असा फक्त फ्रीज उरला. बरेच महिने त्याचं ऐकून घेतल्यावर एका सकाळी एल्डनने बापाचं जुनं रिव्हॉल्व्हर कपाटातून काढलं, रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि ओरडला, "बाबांचं आहे. तुला हवंय का?"

मर्ल शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. रूळ उखडून नेलेल्या फाटकापाशीसुद्धा तो गाडी थांबवून दोन्हीकडे बघायचा.

"तिथेच थांब," तो म्हणाला. "ते हातात घेऊन इकडे आलास आणि मी घेतलं, की दोघंही आत."

"भावाला वस्तू दिली म्हणून?"

"भावाला दे की. दुसऱ्या राज्यातल्या माणसाला परस्पर देता येत नाही. त्याच्या राज्यातल्या परवानेवाल्या दुकानदारामार्फत द्यावं लागतं."

"दुसऱ्या राज्यातला माणूस तूच ना?"

"म्हणून तर सांगतोय."

मग दोघं आपापल्या गाडीने मिझुरीतल्या जोलीनच्या दुकानात गेले. जोलीन बंदुका विकायची आणि मासेमारीसाठी जिवंत आमिषही, म्हणजे गळाला लावायचे छोटे मासे. आमिषाच्या टाकीशेजारी दोन घडीच्या खुर्च्या होत्या. मर्लने फॉर्म भरला, जोलीनने गुन्ह्यांच्या नोंदींच्या तपासणीसाठी फोन लावला आणि कपाळाला हात लावला. मर्ल टिडवेल नावाचा आणखी एक इसम कुठेतरी गुरं चोरून फरार होता. हा मर्ल तो नव्हे, याची खात्री होईपर्यंत थांबणं आलं.

दोघं बसले. टाकीतले मासे बघून झाले.

"ते यंत्र चालतं का अजून?" शेवटी एल्डनने विचारलं.

"कधी चाललंच नाही. म्हणून तर तुला देत नव्हतो."

खात्री त्या दिवशी झाली नाही. पुन्हा यावं लागलं. दुसऱ्या खेपेला एल्डन सँडविचं घेऊन आला.

पानगळीत मर्ल रस्त्यापलीकडून ओरडला, "हे माझ्या घरात शोभत नाही रे. परत घे." परत घ्यायचं म्हणजे कॅन्ससातला दुकानदार, नवा फॉर्म, नवी तपासणी. पुढच्या हंगामात एल्डनला ते शोभेना. असं वर्षानुवर्षं चाललं. एकमेकांच्या घरी जेवायला ये, असं कुणीच कुणाला म्हटलं नाही. तसा कायदाच नव्हता.

"काका, हे कधी उडवलंय तरी का तुम्ही?" एकदा जोलीनने विचारलं.

"त्याचा घोडा बाबांच्याच वेळी तुटलाय," एल्डन म्हणाला.

"पण कायद्याने बंदूकच ती," मर्ल घाईने म्हणाला.

तो गुरंचोर सापडू नये, अशी दोघांचीही मनातून इच्छा होती.

रिव्हॉल्व्हर मर्लकडे असतानाच, हिवाळा सरता सरता, मर्ल झोपेत गेला. मृत्युपत्रात त्याने ते एल्डनच्या नावे केलं होतं. मर्लच्या वकीलबाई बुटांच्या खोक्यातून ते घेऊन आल्या आणि त्यांनी सरळ एल्डनच्या हातात दिलं.

"हे असं चालत नाही," एल्डन म्हणाला. "माझ्या राज्यातला दुकानदार लागतो."

"जिवंत माणसाकडून घेताना लागतो, मिस्टर टिडवेल. वारशाला सूट आहे."

"तपासणी?"

"काही नाही. तुमचंच आहे."

वकीलबाई रस्ता ओलांडून गेल्या. एल्डनने खोकं गाडीच्या डिकीत ठेवून कुलूप लावलं आणि गाडी जोलीनच्या दुकानाकडे काढली.

"फॉर्म काढ," तो म्हणाला.

"कुणाला देताय?"

एल्डनने विचार केला. "तुला," तो म्हणाला. "तू मिझुरीतलीच ना?"

"मी परवानेवाली, काका. मला तुम्ही सरळ देऊ शकता. वहीत नोंद केली की झालं."

"थांबावं लागत नाही?"

"नाही."

एल्डनने खोकं परत ओढून घेतलं. जोलीनने त्याच्याकडे बघितलं, मग त्या दोन खुर्च्यांकडे.

"आमिषाचे मासे हवे होते," एल्डन म्हणाला. तो जन्मात कधी गळ टाकायला गेला नव्हता.

"नीट निवडून द्यावे लागतील," जोलीन म्हणाली. "वेळ लागेल."

एल्डन एका खुर्चीवर बसला. दुसरीवर त्याने खोकं ठेवलं. जोलीनने जाळी टाकीत बुडवली, एक मासा वर काढला, उजेडात धरून निरखला आणि लहान आहे म्हणून पुन्हा पाण्यात सोडला.