मोडलेली एकादशी

मनोहररावांनी पाणी सोडलं ते एकादशीसाठी, असं घरात सगळ्यांनी मानलं. त्यांच्या सुनेनं, पावनीनं, मात्र मानलं नाही. नऊ वर्षं ती त्या घरात नांदत होती आणि सासऱ्यांचा ताठा तिला तोंडपाठ होता.

झालं होतं असं. रविवारी बन्नूरला नातेवाइकांकडे मुंज होती. तिथे मनोहररावांनी बर्फ घातलेलं ताक चार पेले रिचवलं. बर्फ कुठल्या पाण्याचा, देव जाणे! सोमवारी पहाटेपासून जुलाब सुरू झाले. उन्हानं उष्ण झालं, म्हणाले, आणि अन्नपाणी नकोच म्हणाले. मंगळवारी आली एकादशी. त्या घरची एकादशी निर्जळी, घशाखाली थेंब उतरायचा नाही. मग काय, बोलायची सोयच उरली नाही. गोदावरीबाईंना तर नवऱ्याचं कौतुकच वाटलं, एवढ्या दुखण्यातही व्रत सोडलं नाही म्हणून.

पावनीला संताप आला. मंगळवारी सकाळी न्हाणीघराच्या कोपऱ्यात तिला ओला पंचा सापडला. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, उठताना भिंत धरावी लागते, आणि तो कुणाला न कळता आपला पंचा धूत बसला होता. डाग तरी निघावेत! तेही निघाले नव्हते. तेव्हा तिला सगळं उमगलं. प्यायलं की बाहेर येणार, आणि बाहेर आलं की सुनेला दिसणार, म्हणून ह्यांनी पाणीच तोडलं होतं. एकादशीचं निमित्त आयतं मिळालं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या लेकीला, काव्याला, असंच झालं होतं. जयलक्ष्मीपुरमच्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हा बजावलं होतं, की जुलाबात माणूस जातो तो बहुतेक अंगातलं पाणी आणि मीठ संपल्यानं. त्यातही लहान लेकरं आणि म्हातारी माणसं आधी. सासऱ्यांची जीभ कोरडी ठक्क, डोळे खोल गेलेले, आणि आदल्या संध्याकाळपासून लघवी नाही. पावनीनं त्याच बाईंना फोन लावला. आत्ता घोट घोट पाजा, त्या म्हणाल्या; पीत नसतील किंवा दुपारपर्यंत लघवी झाली नाही तर सलाईनला घेऊन या, उद्यावर टाकलंत तर मूत्रपिंडं हातची जातील.

नवरा गगन हेब्बाळला कामावर गेलेला. त्याची वाट बघत बसणं पावनीच्या रक्तात नव्हतं. तिनं उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात पाकिटातली मीठ-साखरेची पूड कालवली आणि पेला-चमचा घेऊन निघाली. गोदावरीबाई दारात आडव्या आल्या. पाप लागेल, म्हणाल्या, उद्या पारण्याला दे. पावनी म्हणाली, लागू दे मला. आणि सासूला बाहेर ठेवून तिनं दार लोटून घेतलं. असं त्या घरात कुठल्या सुनेनं केलं नव्हतं.

"मामंजी, एकादशीचं सोंग माझ्यापुढे नको," ती हळू आवाजात म्हणाली. "पंचा मी पुन्हा धुतला. वाळतही घातला."

दोन दिवसांत पहिल्यांदा म्हाताऱ्याच्या तोंडावर रंग चढला. तुला कुणी सांगितला होता नसता उद्योग, ते म्हणाले.

"कुणी नाही. उद्या वीस धुवीन. लेकीचे धुतले, तुमचे धुवायला मला कसली लाज? पण एका पंच्यापायी या घरातून तिरडी निघाली, तर ते मला जन्मभर सोसणार नाही."

मनोहररावांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. खांदे हलत होते. रडतच होते ते, पण डोळ्यांतून टिपूस आलं नाही. अंगात पाणीच कुठं होतं! पावनीला भडभडून आलं, तरी तिनं पेला खाली ठेवला नाही.

गगनला माहीत आहे का, त्यांनी विचारलं. नाही, ती म्हणाली, आणि कळणारही नाही.

मग त्यांनी तोंड इकडे केलं. पहिले चार चमचे तिनं पाजले. पाचव्याला त्यांनी पेलाच ओढून घेतला आणि स्वतः घोट घोट प्यायला लागले. तेवढ्यात दार उघडलं. गोदावरीबाईंनी पेला पाहिला आणि कपाळाला हात लावला. अय्यो, ह्यांची एकादशी मोडलीस की ग, म्हणाल्या.

पावनी काही बोलणार, तोच मनोहरराव कोपरावर उठले.

"तिनं नाही, मी मोडली," ते म्हणाले. "आणि तू बघत काय राहिलीस? खाटेखाली एक भांडं आणून ठेव. मला आता दिवसभर प्यायचंय."