सारिकाच्या हातांवरचे डाग

पहिला डाग दंडावर उठला तेव्हा सारिकाला वाटलं, विहिरीच्या कठड्याला हात लागला असेल. दुसरा मांडीवर आला, तिसरा पोटरीवर. पंधरवड्यात तिचे दोन्ही हात काळेनिळे झाले. आपण कुठे आपटलो हे तिला आठवेना, कारण ती कुठेच आपटली नव्हती.

सासूने, माईने, आंबेहळद सहाणेवर उगाळून लेप दिला. "रगात साकाळलां असतला. दोन दिसांत जातले डाग." माईचं औषध खरं तर मुक्या माराचं. पण मार लागलाच नसेल तर बिचारी आंबेहळद काय करणार? नंतर आवळा झाला, कोकमाचं सार झालं, शेवग्याचा पाला झाला. डाग गेले नाहीत. दात घासताना थुंकी लाल यायला लागली.

आचऱ्याच्या अलीकडच्या त्या वाडीत बातमीला पाय लागतच नाहीत, ती वाऱ्यावरच जाते. शेजारची यशोदा एकदा पाणवठ्यावर तिचा हात धरून हळूच म्हणाली, "घोवान मारल्यान काय गो?"

"नाय गो!" सारिका म्हणाली. पण तिने हात ज्या घाईने मागे घेतला, त्यावरून यशोदाला जे समजायचं ते समजलं.

सारिकाचा नवरा विनीत हायस्कुलात मास्तर आणि देवळाच्या कमिटीत सेक्रेटरी. माणूस मारकुटा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. बायकोवर त्याने बोटसुद्धा उगारलं नव्हतं. त्याचं सगळं प्रेम आपल्या नावावर होतं, आणि ते त्याने फार जपलं होतं. डाग दिसले तसा त्याने मोबाइलवर शोध घेतला. वयानुसार कातडी पातळ होते, 'क' जीवनसत्त्व कमी पडतं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतात, असं पुष्कळ काही त्याने मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटी लिहिलं होतं की हिरड्यांतून रक्त येत असेल तर ताबडतोब डॉक्टर गाठा. ते त्याने मनात वाचलं आणि फोन खिशात टाकला.

"माका मालवणाक डॉक्टराकडे न्या," सारिका म्हणाली.

"असे हात घेवन? डॉक्टर पयलां काय इचारतलो, म्हायत आसा तुका? जरा फिके पडांदेत, मगे जावया."

तेवढ्यापुरते त्याने तिला लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून आणले. आणि सारिकाही गप्प बसली. एस.टी. दारावरून जात होती, पण आपल्यामुळे नवऱ्याला तोंड लपवायला लागू नये, असं तिला वाटलं. त्या वेडेपणाचा तिला पुढे फार संताप आला.

कुजबुज शाळेपर्यंत पोचली तसा विनीत पेटून उठला. त्याने देवीला कौल लावायचं ठरवलं. सोमवारी सगळी वाडी देवळात जमली. गुरवाने देवीच्या पाषाणाला तांबड्या फुलांच्या कळ्या चिकटवल्या, आणि देवळाचा मानकरी असलेल्या गावकराने गाऱ्हाणं घातलं, "ह्या लेकरान जर आपल्या बायलेर हात उचलूंक नसात, तर उजवो कौल दी, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" वाडी ओरडली.

सारिका खांबाला टेकून उभी होती. तिला चक्कर येत होती. देवी आता बोलणारच आहे, तर माझ्या रक्ताला काय झालंय तेही कोणीतरी विचारा की, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. विचारलं कोणीच नाही. उजवीकडची कळी पडली. विनीतच्या डोळ्यांत पाणी आलं, लोकांनी त्याला मिठ्या मारल्या, यशोदाने कानाची पाळी धरली. गूळखोबरं वाटलं गेलं. प्रश्न मिटला होता, फक्त सारिकाचा सोडून.

शुक्रवारी चुलीपाशी तिच्या नाकातून रक्त यायला लागलं ते थांबेना. विनीत शाळेत होता. यशोदानेच रिक्षा बोलावली आणि तिला दवाखान्यात नेलं.

विनीत धावत आला तोवर रक्ताचा रिपोर्ट आला होता. डॉक्टरीण तरुण होती, पण बोलायला रोखठोक. "प्लेटलेट दीड लाखाच्या वर हव्यात. ह्यांच्या सहा हजार आहेत. कशामुळे ते हाडातला मगज तपासल्यावर कळेल. कॅन्सरही असू शकतो. आत्ताच्या आत्ता गोव्याला हलवा. महिनाभर काय करत होतात तुम्ही?"

विनीतने शुद्ध मराठीत विचारलं, "म्हणजे हे मारहाणीमुळे नाही, बरोबर? तसं लेखी द्याल का?"

डॉक्टरिणीने कागद त्याच्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "रिपोर्ट आहे, न्या," आणि ॲम्ब्युलन्स सांगायला गेली.

त्याने रिपोर्टाचा फोटो काढून वाडीच्या ग्रुपवर टाकला आणि खाटेपाशी येऊन बसला. चेहरा कसा उजळला होता!

"आता कोणाची बोलूची टाप नाय, सारिका."

नाकात बोळे घातलेली सारिका छताकडेच बघत म्हणाली, "तुमी माका मारलां असतात तर बरां झालां असतां. कोणीतरी माका महिन्याआधी हय दवाखान्यात हाडलां असतां."

विनीतने आधी वळून दाराकडे पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना.