मेम्फिसला नेलेला बास

व्हर्लीनने त्या सकाळी तीनदा गाडी थांबवायला लावली. टपावर तिचा माणूसभर उंचीचा, मोठ्या व्हायोलिनसारखा बास बांधलेला होता आणि कुठे करडा ढग दिसला की तो भिजेल म्हणून ती खाली उतरे. शेवटी काळी ताडपत्री मिळवून तिने तो नखशिखांत गुंडाळला, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

"बाळंतिणीसारखं काय गुंडाळतेस त्याला?" ड्वेन करवादला. तो गाणारा आणि तिचा मावसभाऊ. गिटारवाला क्लोव्हिस मागे उकडलेल्या शेंगा खात बसला होता.

"भिजला तर तू नवा देणार आहेस?"

बास आजोबांचा होता. आठवडाभर कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायच्या आणि सुटीच्या दिवशी बोटं सोलेपर्यंत तारा लाकडावर आपटायच्या, असं करत ती शिकली होती. तिघांच्या बँडमध्ये ड्रमवाला नव्हता, ताल तीच धरायची. आता मेम्फिसचा एक रेकॉर्डवाला ऐकायला तयार झाला होता. तबकडी निघावी आणि तीत आपला बास वाजावा, एवढंच तिला हवं होतं.

पाऊस आलाच नाही. जुलैच्या उन्हात काळी ताडपत्री तव्यासारखी तापली आणि आत सांध्यांतला सरस वितळला. स्टुडिओपाशी बास उतरवला, तर दांडी तिच्या हातात आली आणि धड क्लोव्हिसच्या.

"घे! भिजला नाही ना?" ड्वेन ओरडला.

रडायला सवड नव्हती. रेकॉर्डवाला दारात उभा राहून घड्याळ बघत होता. व्हर्लीनने धड आत नेऊन आडवं केलं, गुडघ्यांवर बसली आणि त्या पोकळ पोटावर दोन्ही तळव्यांनी ठेका धरला. गाणं अर्ध्यावर आलं तोच काचेमागून रेकॉर्डवाल्याचा आवाज आला, "हेच! हेच पाहिजे!"

ऑगस्टमध्ये तबकडी निघाली. तो ठेका ऐकून रेडिओवाले ड्रमवाल्याचं तोंड भरून कौतुक करू लागले. जत्रांतून बोलावणी आली. सांधलेला बास घेऊन व्हर्लीन उभी राहिली की खालून ओरडा व्हायचा, "ड्रमवाला कुठाय?" सप्टेंबरात ड्वेनने ड्रम वाजवणारा एक पोरगा पकडून आणला.

"काही दिवस घरी बस. लोकांना रेकॉर्डवरचंच हवंय."

"रेकॉर्डवर मीच आहे, गाढवा!"

त्या पोराला तो ठेका काही जमला नाही आणि नाताळाच्या आत सगळे आपापल्या वाटेने गेले.

व्हर्लीन पुन्हा कॉलरी शिवू लागली. एकदा जेवणाच्या सुट्टीत समोरच्या खानावळीत कुणीतरी नाणं टाकून ज्यूकबॉक्सवर तेच गाणं लावलं. शेजारच्या मशीनवरची नवी बाई, डोरीन, मान डोलवत म्हणाली, "काय वाजवतोय गं मेला!"

व्हर्लीनने सँडविच खाली ठेवलं आणि टेबलावर तळवे टेकवले. गाणं संपलं तरी ठेका चालूच राहिला. डोरीन तिच्या हातांकडे बघत राहिली.

"तूच गं ती?"

"मीच," व्हर्लीन म्हणाली. "पण मला बास वाजवायचा होता."