थिएटरच्या दारात अडकलेली व्हीलचेअर

मी व्हीलचेअर बोलतेय. हो, तीच, थिएटरच्या दालनात मखमली दोरीच्या आत उभी करून ठेवलेली. तुमचा फोटो काढून झाला असेल तर जरा थांबा. आज माझं डोकं फिरलंय आणि मला ते कोणाला तरी सांगायचंय.

माझा जन्म कारखान्यातला नाही. आधीच्या दोन खुर्च्यांनी माझ्या मालकिणीला, ताईला, रडकुंडीला आणलं, तेव्हा ती एका सायकलवाल्याकडे गेली. त्याने तिचं माप घेतलं, मग घरी येऊन न्हाणीघराच्या दाराचं घेतलं. ते दार म्हणजे नुसती फट. "दार काही रुंद होणार नाही ताई, खुर्चीच बारीक करू," तो म्हणाला. म्हणून मी अशी हडकुळी. पहिल्या दिवशी ताई एकटीच आत गेली, तिने कडी लावली आणि आतून मोठ्याने हसली. तिची बहीण बाहेर घाबरली.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही. कडी लावली!"

ताई माझ्यावर बसायची, पण गप्प कधी बसली नाही. अपंगांच्या कामांचं सरकारी कार्यालय होतं, आणि त्यालाच पायऱ्या! कोणीतरी धावत यायचं, "थांबा, उचलून नेतो." ताई म्हणायची, "मी पोतं नाही. उतार बांधा." मग ती पायऱ्यांखालीच ठाण मांडायची. उन्हाने माझं रेक्झिन तापायचं. लोक तिला हेकट म्हणायचे, तोंडावरसुद्धा. साहेबांना मात्र रोज खाली उतरून तिच्याशी बोलावं लागायचं. शेवटी उतार झाला. आता काठी टेकणारे म्हातारेही त्यावरूनच जातात आणि तिला शिव्या घालणारेही.

या सगळ्यावर पिक्चर काढायला एक दिग्दर्शक आला. माणूस चांगला, खोटं कशाला बोलू? ताईसमोर जमिनीवर बसून ऐकायचा, डोळे पुसायचा. पण ऐकणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं. पिक्चरमध्ये साहेब नायिकेला दोन्ही हातांवर उचलून पायऱ्या चढतो आणि मागे व्हायोलिन वाजतं.

"अरे, हेच तर मी कधी होऊ दिलं नाही!" ताई म्हणाली.

"ताई, उतार बघून कोण रडतं हो?"

ताईने कपाळावर हात मारून घेतला. पण पिक्चर तयार झाला होता.

पुढे पिक्चरवाल्यांना मी हवी झाले. खरी खुर्ची लोकांना दाखवायची, एका आठवड्यापुरती. ताईने एकच अट घातली, की खुर्ची मापाने बनवून मिळते आणि कुठे मिळते, ते शेजारी लिहा. चार गरजूंना उपयोग होईल. त्यांनी मान डोलावली आणि पाटी लावली, "जिने हार मानली नाही." सायकलवाल्याचा पत्ता राहिलाच.

माझ्या बदली ताईकडे नवीकोरी खुर्ची गेली. गुबगुबीत, ऐसपैस. ती न्हाणीघराच्या दाराशीच अडली. जिने आयुष्यभर कोणाला हात लावू दिला नाही, तिला आता बहीण उचलून आत नेते. बहिणीची कंबर धरली आहे. हे मला कळलं ते दिग्दर्शक माझ्याशेजारी उभा राहून, स्पीकर लावून ताईशी फोनवर बोलत होता म्हणून. आठवडा कधीच उलटून गेला होता.

"अरे बाबा, खुर्ची पाठव. माझे हाल होतायत."

"ताई, थोडेच दिवस. शो हाउसफुल आहेत. लोक खुर्चीला नमस्कार करतायत!"

"त्यांच्या नमस्काराने मी न्हाणीघरात जाणार आहे का?"

माझं बोलणं त्याला ऐकू गेलं असतं तर मी त्याला आधी चांगलं खडसावलं असतं आणि मग त्याच्या पायावरून चाक नेलं असतं.

आज ताई बहिणीला घेऊन स्वतःच आली. समोरच्या काचेतून मला सगळं दिसतंय. या थिएटरलाही पायऱ्याच आहेत. शो नुकताच सुटलेला, लोक डोळे पुसत बाहेर पडत होते. त्यांनी तिला ओळखलं आणि एकच गलका झाला. "चला, ताईंना वर नेऊ!" चौघांनी बाह्या सरसावल्या. पिक्चरमध्ये साहेब झालेला नट तर दोन्ही हात पसरून उतरला, त्याच्या अंगात ते भिनलेलंच.

"मला वर नेऊ नका," ताई ओरडली. "तिला खाली आणा!"

सगळे जागच्या जागी थबकले. बहीण कंबर धरत वर आली, दोरी सोडू लागली. रखवालदाराने अडवलं, "मॅडम, इथल्या वस्तूंना हात लावायचा नाही."

"वस्तू? माझ्या बहिणीचे पाय आहेत ते!"

तो बिचारा वरमला, पण दिग्दर्शकसाहेबांना विचारावं लागेल म्हणाला. दिग्दर्शक म्हणाला, पुढचा शो सुटू दे, मग बघू. बाह्या सरसावलेले चौघे घड्याळात बघत पांगले. ताई अजून खाली बसली आहे, त्या गुबगुबीत खुर्चीत, अंग चोरून.

तुम्हीही पिक्चर बघूनच आलात ना? तुमचा रुमाल अजून ओला आहे. मग कोणाची वाट बघू नका. एकाला सोबत घ्या, दोरी सोडा आणि धरा मला दोन्हीकडून. मी हडकुळी आहे, जड नाही. आणि मला उचललेलं चालतं.